चौथी वाटी

जुना ट्रक विकत घ्यायला आलेला माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो. मग टायरवर लाथ मारतो, केबिनचा पत्रा ठोकून बघतो, कागदपत्रे मागतो. आमचे अब्बा असा माणूस आला की गालात हसत. ते म्हणत, "ट्रक घ्यायचा तर कपडे खराब करायची तयारी पाहिजे. पाठीवर झोपून आत जा, मग कळेल गाडी कुणाच्या हाताखालची आहे." अब्बांची स्वतःची परीक्षा एकाच ठिकाणी असे. ते प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघत. क्रॉसच्या कडेला ताज्या ग्रीसची कड दिसली तर मालक माणूस आहे, आणि तांबडा गंज पिठासारखा उडालेला दिसला तर गाडी मेहरबानीवर चालली आहे, असा त्यांचा निकाल.

आमच्या घरात चिपळूणपासून घाटापर्यंत चिरा वाहणारा एक टाटा १२१० आहे. टाटांनी १९५४ साली जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ साली संपला. आमची गाडी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बनलेली, तरी मोहल्ल्यातले म्हातारे तिला अजून 'बेंझ' म्हणतात. अब्बांनी ती दुसऱ्याकडून घेतली, थोरल्या भाईजानने ती चालवली आणि आम्ही धाकटे शिकून उर्दू शाळेत मास्तर झालो. तरी ग्रीस गन हातातून सुटली नाही. आमच्या घरात गाडीची कामे वाटून घेतलेली आहेत. स्टिअरिंग भाईजानचे, हिशेब भाभींचा आणि गाडीच्या पोटाखालचे आमचे.

हा क्रॉस म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. गिअरबॉक्स पुढे, चॅसीला घट्ट बांधलेला. मागचा हौसिंग कमानपाट्यांवर बसलेला, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होणारा. इंजिनाची ताकद पुढून मागे न्यायची तर मधे एक फिरता दांडा हवा, आणि तो दोन्ही टोकांना फिरता फिरता वाकला पाहिजे. वाकण्याचे हे काम क्रॉस करतो. अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा, त्याचे चार दट्टे, प्रत्येक दट्ट्यावर एक टोपी. तिला आमच्याकडचे मिस्त्री 'वाटी' म्हणतात. वाटीच्या आतल्या भिंतीला सुईसारख्या बारीक रोलरांची रांग असते. समोरासमोरच्या दोन वाट्या एका चिमट्यात आणि उरलेल्या दोन दुसऱ्या चिमट्यात बसतात. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. आमच्या गाडीत तीन क्रॉस आहेत, म्हणजे बारा वाट्या, शिवाय मधले सेंटर बेअरिंग आणि लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातांचा स्लिप.

बाहेरून बघणाऱ्याला वाटते की शाफ्ट फिरतो म्हणजे सुयाही गरागरा फिरत असतील. तसे नाही. सुई पूर्ण फिरत नाही, ती जागच्या जागी थोडी पुढे थोडी मागे डोलते. गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चालली आणि मागच्या हौसिंगचे गुणोत्तर सहाच्या आसपास असले, तर शाफ्ट मिनिटाला साधारण दीड हजार फेऱ्या घेतो. तितक्याच वेळा प्रत्येक सुई त्याच एवढ्याशा जागेत घासते. तिथले ग्रीस आपोआप ताजे होत नाही. सुकले की धातूवर धातू येतो, दट्ट्यावर सुयांचे बारीक चर पडतात. क्रॉस उघडून दट्ट्यावरून नख फिरवावे. नख अडकले की क्रॉस संपला समजावे. मग एकटी वाटी बदलून भागत नाही, चारही वाट्यांसह क्रॉस नवा घालावा लागतो.

आणखी एक गंमत आहे. वाकून फिरणारा एकटा क्रॉस ताकद सारख्या वेगाने पुढे देत नाही. पुढचा दांडा एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, तीस अंशांचा असेल तर पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. दुसरा क्रॉस बरोबर उलट चूक करून पहिल्याची चूक भरून काढतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे ठरलेल्या रेषेत बसले पाहिजेत. म्हणूनच स्लिपवर बाणाच्या खुणा असतात. शाफ्ट सोडून परत बसवताना बाणासमोर बाण आला नाही, तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते आणि मालक मिस्त्रीला शिव्या देतो.

हे गणित रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडले. १६७६ साली त्याने या सांध्याचे वर्णन छापले. त्याच्याआधी सोळाव्या शतकात इटलीच्या कार्दानोचे नाव या सांध्याला चिकटले, म्हणून युरोपात त्याला आजही कार्दान म्हणतात. मोटारगाडीसाठी क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाने १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. आम्हाला मात्र या घराण्यातली सर्वांत आवडती वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली वाटते. ती आम्ही फक्त चित्रात पाहिली आहे. तेराव्या शतकातल्या ममलूक काळातला पितळी जाळीदार गोळा, अमीर बद्रुद्दीन बैसरी याच्यासाठी बनवलेला. तो ऊददानी आहे. आत एकमेकींना काटकोनात टांगलेल्या कड्या आहेत आणि त्यांच्यामध्ये निखाऱ्याची वाटी. गोळा कसाही फिरवला तरी वाटी सरळ राहते, निखारा सांडत नाही. तो ताकद वाहून नेत नाही, ही गोष्ट खरी. पण काटकोनातल्या दोन आसांची ही युक्ती आमच्या ट्रकखाली चिखल खात फिरते, तिचीच ती चुलत बहीण आहे. दमास्कसच्या कारागिराला सुगंध सांभाळायचा होता, आम्हाला चिरा.

वर्गात एकदा मुलांनी विचारले, "सर, क्रॉसला उर्दूत काय म्हणायचं?" शब्दकोशात 'सलीब' सापडतो. पण कुठल्या गॅरेजात 'सलीब बदल दो' असे म्हटलेले आम्ही ऐकलेले नाही. गॅरेजची भाषा कुठल्याच माध्यमाची नसते. क्रॉस इंग्रजी, वाटी मराठी, उस्ताद फारसी, आणि शिवी ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. आमची जी मुले मराठीच्या तासाला मान खाली घालून बसतात, ती गॅरेजात अडखळत नाहीत. तिथे शब्द आणि वस्तू एकदमच हातात पडतात.

आता ग्रीस मारण्याबद्दल. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद, चावी खिशात, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. इंजिन चालू असताना शाफ्टच्या जवळ कुणी जाऊ नये. फिरता शाफ्ट लुंगीचे टोक किंवा शर्टाची बाही क्षणात गुंडाळून घेतो. शाफ्ट सोडायचा असेल तर दगड लावल्याशिवाय बोल्टला पाना लावूच नये. गिअरमध्ये टाकलेली गाडी शाफ्टमुळेच थांबलेली असते. शाफ्ट सुटला की गिअरची पकड सुटली. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकही शाफ्टवरच असतो, तिथे तोही गेला.

आधी शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली ढकलावा, मग उलटसुलट पिळावा. क्रॉसमध्ये हलकासाही खेळ दिसला तर ग्रीसने तो जाणार नाही. ग्रीस झीज थांबवते, झालेली झीज भरत नाही. क्लच सोडताना 'टक्' असा आवाज, हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव, ठरावीक वेगाला पायाखाली थरथर, ही सगळी क्रॉसची तक्रार समजावी. मग निपल फडक्याने पुसावी. न पुसता गन लावली तर निपलवरची वाळू आपणच आत ढकलतो. ग्रीस लिथियमचे, दोन नंबरचे. दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नये, काही जाती मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. आमच्या गाडीला आम्ही पाच हजार किलोमीटरला एकदा ग्रीस मारतो, आणि पावसाळ्यात खाणीच्या चिखलातून फेऱ्या असतील तर त्याच्या निम्म्याला.

गन किती वेळा दाबायची, हा प्रश्न चुकीचा आहे. निपल एक असते आणि वाटा चार. क्रॉस आतून पोकळ असतो, ग्रीस मधोमध शिरते आणि चार बोळांतून चार वाट्यांकडे जाते. पण पाण्यासारखेच ग्रीसही सोपी वाट धरते. ज्या वाटीचे सील सैल, तिथून ते आधी बाहेर पडते. गन मारणाऱ्याला ताजे ग्रीस दिसते, त्याचे समाधान होते आणि तो पुढच्या निपलकडे सरकतो. घट्ट बसलेली, वजनाखाली दबलेली किंवा जुन्या ग्रीसचा दगड झालेली वाटी तशीच कोरडी राहते. चारही वाट्यांच्या कडेला ताजे ग्रीस दिसले तरच क्रॉसला ग्रीस मिळाले. एखादी घेत नसेल तर गाडी थोडी पुढे-मागे घेऊन शाफ्टचा भार बदलावा, शाफ्ट हलवत हलवत गन दाबावी. तरीही नाही तर त्या वाटीचे बोल्ट किंचित सैल करून बघावे. तेवढ्यानेही नाही तर क्रॉस काढावा आणि वाटी उघडावी. संध्याकाळ झाली, गाडी भरायची आहे, अशी सबब तिथे चालत नाही.

हे आम्हाला ज्या दिवसाने शिकवले तो दिवस आमच्या घरात कुणी विसरलेले नाही. १९९९चा पावसाळा होता. आमचे मामू कराडहून गूळ भरून कुंभार्ली घाट उतरत होते. गाडी खालच्या गिअरमध्ये होती. घाटात भरलेली गाडी ब्रेकपेक्षा गिअरवर धरतात, हे प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. एका वळणाच्या अलीकडे पुढचा क्रॉस तुटला. एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. इंजिनाची पकड गेली, आणि सुटलेल्या शाफ्टने फिरता फिरता ब्रेकची नळी तोडली. मामूंनी दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मामू वाचले, गूळ रस्त्यावर विखुरला. क्लीनर डाव्या बाजूला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. त्याचे वय एकोणीस होते.

गाडी खाली आणल्यावर मिस्त्रीने तुटलेला क्रॉस फडक्यात गुंडाळून अब्बांना दाखवला. आम्ही तेव्हा लहान, अब्बांच्या कोपराशी उभे होतो. तीन दट्ट्यांवर ताजे तपकिरी ग्रीस होते. चौथा जळून निळा पडला होता आणि त्याच्या सुयांचा भुगा झाला होता. दोनच दिवसांपूर्वी त्या क्लीनरनेच गाडीला ग्रीस मारले होते. दवाखान्यात तो अब्बांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "चाचा, अल्लाकसम, मी मारलं होतं. बाहेर आलेलं बघितलं होतं."

तो खोटे बोलत नव्हता. बाहेर आले होतेच, पण तीन ठिकाणांहून. चारकडे बघायचे असते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते. अब्बा खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बेटा, तू काम केलंस. काम सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलं." मामू शेजारीच बसलेले होते. त्यांनी मान वर केली नाही. अब्बा आणि मामूंचे बोलणे त्यानंतर काही महिने बंद होते. पुढे ईदला दोघे गळ्यात पडून रडले. तुटलेला क्रॉस मात्र अब्बांनी फेकला नाही. अजून तो आमच्या पडवीच्या कोनाड्यात आहे.

आम्ही बी.एड. केले तेव्हा पाठाचे टाचण काढायला शिकवले गेले. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन आणि शेवटी मूल्यमापन. मूल्यमापनाच्या रकान्यात चार प्रश्न लिहायचे असत. निरीक्षक मागे बसलेले असले की आम्ही सगळे छात्राध्यापक हुशार मुलांना प्रश्न विचारत असू. उत्तरे पटापट येत आणि पाठ छान झाला असा शेरा मिळे. आज चाळीस मुलांच्या वर्गात 'समजलं का?' म्हटले की पुढच्या बाकांवरून 'हो सर' येते. हा आवाज म्हणजे सैल सीलमधून बाहेर आलेले ग्रीस असते. ज्याच्या घरात मराठी बोलली जात नाही, जो सकाळी बापाबरोबर खाणीवर जाऊन मग शाळेत येतो, त्याच्यापर्यंत पाठ पोहोचला का, हे त्या आवाजावरून कळत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसावे लागते. थोडे पुढे-मागे घ्यावे लागते. कधी सगळा पाठ उघडून पुन्हा जोडावा लागतो. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, हे आम्हाला मान्य आहे. गाडीही भरायचीच असते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा आमची गाडी बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी होती. २००५च्या पुरातही ती भिजली होती, पण या वेळी केबिनच्या खिडकीपर्यंत खूण उमटली. पाणी उतरल्यावर आठवडाभर आम्ही घरातला चिखल उपसत होतो. मोहल्ल्यात कुणाच्या भिंती गेल्या, कुणाचे दुकान. गाडी शेवटी आठवली. ती चालली तरच घर उभे राहणार होते. गिअरबॉक्स आणि हौसिंगचे तेल काढले तर ते दुधाच्या चहासारखे निघाले. पाणी आत गेल्याची तीच खूण. मग आम्ही एकेका निपलला गन लावली. आधी पाणी आले, मग राखाडी लगदा, मग तपकिरी, आणि मग स्वच्छ. अकरा वाट्यांनी ग्रीस घेतले. मागच्या क्रॉसची एक वाटी घेईना. शाफ्ट हलवला, बोल्ट सैल केले, नाहीच. भाईजान दोन महिन्यांचा थकलेला हप्ता डोक्यात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "एक फेरी मारून आणतो, गरम झाली की घेईल." भाभी पडवीत होत्या. त्यांनी काही न बोलता कोनाड्यातला तो जुना क्रॉस आणून बॉनेटवर ठेवला. भाईजानने गाडीची चावी आमच्या हातात दिली.

वाटी उघडली तेव्हा सुया गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. तीनही क्रॉस नवे घातले. चिमट्यांवर खडूने खुणा केल्या, बाणासमोर बाण आणला. वाट्या बसवताना चिमट्याच्या कानावर हातोडा पडू दिला नाही, कारण कान वाकला की नवी वाटीही वाकडीच बसते. त्या कामात दोन दिवस गेले.

ग्रीसच्या हातांचा एक हिशेब वेगळाच असतो. वजूचे पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि घट्ट ग्रीसचा थर ते पोहोचू देत नाही. म्हणून जुम्याच्या दिवशी गॅरेजातली माणसे अजानच्या बरीच आधी नळावर दिसतात. लाकडाचा भुसा, रॉकेलचा बोळा, मग साबण, मग नखांत काडी. डाग राहिला तर चालतो, थर राहिलेला चालत नाही. एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही हाताची चारही बोटे उलगडून एकेक तपासताना पाहिले आहे. ते हात पाहिले की वाटते, इबादत आणि कामाची जबाबदारी यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे वरवर ओले झालेले पुरत नाही.

नव्या गाड्यांत आता पुष्कळदा बंद क्रॉस येतात. त्यांना निपलच नसते. कारखान्यात भरलेले ग्रीस संपेपर्यंत चालवायचे आणि मग सगळा क्रॉस बदलायचा. ते वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. विसराळू माणसाच्या हाती तेच बरे. आमच्या गाडीचे दिवस भरत आले आहेत, हेही आम्हाला दिसते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आणले. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३पासून रस्त्यावरून उतरल्या. खासगी मालवाहू गाडीचे आयुष्य फिटनेसवर आहे, आणि म्हाताऱ्या गाडीला ते दर वर्षी घ्यावे लागते. जुन्या इंजिनाचा धूर हवेला जड आहे, हे आमच्या शाळेतली मुलेही निबंधात लिहितात. एखाद्या वर्षी ती नापास होईल. त्या दिवशी भाईजान काय करेल, हप्ते काढून नवी घेईल की दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाईल, हे अजून घरात कुणी मोठ्याने विचारलेले नाही.

तोवर दर महिन्याला एक सकाळ ठरलेली आहे. भाईजानचा मुलगा अकरावीला आहे. टॉर्च त्याच्या हातात, गन आमच्या. घाटात पाय गमावलेला तो क्लीनर आता पंचेचाळिशीला आला आहे. स्टँडजवळ त्याचे पंक्चरचे दुकान आहे. तो कुबडी घेऊन येतो, बाहेर स्टुलावर बसतो, चहा पितो. आत आम्हाला त्याचा एकच पाय आणि कुबडीचे रबर दिसते. मुलगा आतून मोठ्याने मोजतो, "एक आलं. दोन आलं. तीन आलं." मग जरा वेळ शांतता असते. बाहेरून कुणी घाई करत नाही. स्टुलावरून आवाज येतो, "थांब, अजून मार. घाबरू नको. आम्हाला घाई नाही."